पावसाळ्यातला फिंगरबोर्ड: बोटांची ताकद वाढवताना या चुका टाळा

जून उजाडला की सह्याद्रीतले कातळ ओले होतात, सुळक्यांच्या मोहिमा पावसाळा सरेपर्यंत लांबणीवर पडतात आणि आरोहक घरी दाराच्या चौकटीवर ठोकलेल्या फिंगरबोर्डकडे, म्हणजे बोटांनी लटकण्यासाठी खाचा आणि कडा असलेल्या फळीकडे, वळतात. बोटांची दुखणी नेमकी याच दिवसांत डोके वर काढतात, कारण एरवी पाय, पाठ आणि खांदे यांच्यात वाटला जाणारा भार आता आठवड्यातून पाच-पाच दिवस एकट्या बोटांवर येऊन पडतो.

बोटांना वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नसून कोपराखालच्या भागात असतात. त्यांची ओढ कंडरांमधून बोटांच्या टोकापर्यंत पोहोचते आणि या कंडरा हाडाला धरून राहाव्यात म्हणून वळ्यांसारखे चिवट पट्टे असतात, ज्यांना पुली म्हणतात. स्नायू काही आठवड्यांत बळावतात, पण कंडरा आणि पुली यांना त्यासाठी कित्येक महिने लागतात. त्यामुळे महिन्याभराच्या सरावानंतर वाटणारा आत्मविश्वास स्नायूंच्या जोरावर असतो आणि त्याची किंमत पुलीला मोजावी लागते. दोन सत्रांमध्ये किमान 48 तासांची विश्रांती हवी, आणि भिंतीवर जोरकस चढाई झालेला दिवसही बोटांच्या सत्रातच धरायला हवा.

सर्वांत जास्त दिसणारी चूक पकडीची आहे. छोट्या खाचेवर बोटे दुमडून, शेवटचे पेर उलट्या बाजूला वाकवून, वर अंगठ्याने कुलूप घातले की पकड भक्कम वाटते. या पूर्ण क्रिम्पमध्ये बोटाच्या मुळाजवळच्या ए-2 पुलीवर उघड्या पकडीच्या, म्हणजे बोटे जवळजवळ सरळ ठेवून धरण्याच्या, कित्येक पट ताण येतो. म्हणून सराव 20 मिलिमीटरच्या आसपासच्या कडेवर, अंगठा मोकळा ठेवून, अर्ध्या क्रिम्पने (मधला सांधा साधारण काटकोनात ठेवून) आणि उघड्या पकडीने करावा. अर्ध्या क्रिम्पने लटकताना मधला सांधा हळूहळू सरळ होऊ लागला, तर पकड हातची गेली असे समजून तिथेच थांबावे. शेवटचे दोन सेकंद रेटून काढण्याचा हट्टच बहुतेकांना नडतो.

दुसरी चूक भार न मोजण्याची. 60 किलो वजनाचा आरोहक दोन्ही हातांनी लटकतो तेव्हा प्रत्येक हातावर 30 किलो भार येतो, आणि नवख्या बोटांसाठी तो पहिल्याच दिवशी फार होतो. अशा वेळी पाय खुर्चीवर टेकवावेत; पण माझ्या मते त्याहून चांगले साधन म्हणजे बोटांसाठी कड असलेला, उचलण्याचा लाकडी ठोकळा. त्याला खालून दोरीने वजनाच्या चकत्या बांधायच्या, ताठ उभे राहून एकेका हाताने तो जमिनीपासून जेमतेम दोन इंच उचलायचा आणि सात ते दहा सेकंद स्थिर धरायचा. सुरुवात 12 ते 15 किलोंनी करावी, प्रत्येक हाताचे चार-पाच संच घ्यावेत, दोन संचांमध्ये पूर्ण तीन मिनिटे थांबावे आणि वाढ एका वेळी एका किलोची ठेवावी. आकडे वहीत लिहिले की डावा हात किती मागे आहे, हेही कळते.

दुकानात मिळणारे स्प्रिंगचे ग्रिपर दाबत बसल्याने कातळावर विशेष फरक पडत नाही. ग्रिपरमध्ये मूठ उघडते आणि मिटते, तर चढताना सांधे एकाच कोनात थिजवून धरावे लागतात, आणि ज्या कोनात सराव होतो त्याच्याच आसपास ही ताकद मुख्यत्वे वाढते.

कॅम्पस बोर्डाचे, म्हणजे पाय न टेकवता नुसत्या हातांनी एका पट्टीवरून वरच्या पट्टीवर झेपावण्याच्या फळ्यांचे, आकर्षण मला समजते. जर्मन आरोहक वोल्फगांग ग्युलिश यांनी 1988 मध्ये न्यूरेम्बर्गच्या एका व्यायामशाळेत तो घडवला आणि 1991 मध्ये जर्मनीतल्याच फ्रँकेनयुरा या कातळप्रदेशातला ‘अ‍ॅक्शन डायरेक्ट’ हा अत्यंत कठीण मार्ग सर केला. पण त्यापूर्वीची त्यांची अनेक वर्षांची कठोर चढाई विसरून त्या फळ्यांवर झेपा घेऊ नयेत. वाढत्या वयातील मुलांना तर त्यापासून आणि जादा वजनाच्या सरावापासून दूरच ठेवावे. त्यांच्या बोटांच्या हाडांतल्या वाढीच्या पट्ट्या अजून कूर्चेच्या असतात आणि मधल्या सांध्याजवळ त्यांना तडा जाऊ शकतो, म्हणून त्या जागचे दुखणे मुरगळा समजून अंगावर काढू नये.

दमट हवेत घाम सुटतो, तेव्हा गुळगुळीत रेझिनच्या (प्लास्टिकसारख्या) बोर्डापेक्षा लाकडी कड बरी. हात धुऊन, पूर्ण कोरडे करूनच चॉक (घाम शोषणारी पांढरी पूड) लावावा.

दुखण्याची पहिली खूण बहुधा बोर्डावर मिळत नाही. माझ्या डाव्या अनामिकेने ती सकाळी दात घासताना दिली: ब्रशभोवती बोट पुरते मिटेना आणि मुळाशी दाबले की ठणकत होते. त्याच संध्याकाळी चिकटपट्टी गुंडाळून मी पुन्हा लटकलो आणि त्यापायी पुढचे तीन महिने गमावले. असा ताठरपणा जाणवल्यास तो पूर्ण जाईपर्यंत बोर्ड बंद ठेवावा. लटकताना ‘टक्’ असा आवाज येऊन सूज आली, तर पट्टीवर भिस्त न ठेवता हाताच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे जावे. पुली फाटली आहे का, हे सोनोग्राफीत दिसू शकते. त्यांनी परवानगी दिल्यावर पुन्हा त्याच ठोकळ्यापासून, उघड्या पकडीने आणि दोन-तीन किलोंनी सुरुवात करावी.