फँटसी बेसबॉल: ऐन पावसाळ्यात कोणाला धरायचं, कोणाला सोडायचं

मेजर लीग बेसबॉलचा मोसम मार्चअखेर सुरू होतो आणि सप्टेंबरअखेर संपतो. जुलैच्या मध्यावर ऑल-स्टार सामन्याची सुट्टी लागते, तेव्हा प्रत्येक संघाचे १६२ पैकी साधारण ९५ ते ९७ सामने खेळून झालेले असतात. आपल्याकडे तेव्हा लावणीची घाई असते. फँटसी लीगमध्ये, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा आपला संघ लावून त्यांच्या खऱ्या आकड्यांवर गुण मिळवायच्या खेळात, संघ सुधारायचा किंवा बिघडवायचा तो याच तीन-चार आठवड्यांत. खेळाडूने आतापर्यंत केलेले होम रन ज्याच्या खात्यात पडायचे त्याच्या खात्यात पडून गेले. आज ट्रेड म्हणजे अदलाबदल करून तुम्ही घेता ते त्याचे उरलेले ६५ सामने, आणि किंमत तेवढ्याचीच करायची.

इथे नेहमीची ५×५ पद्धत धरली आहे. फलंदाजीत रन, होम रन, आरबीआय, स्टील आणि सरासरी. आरबीआय म्हणजे आपल्या फटक्यावर आलेल्या धावा, स्टील म्हणजे चोरून गाठलेला बेस. पिचिंगमध्ये विजय, सेव्ह, स्ट्राइकआउट, ईआरए आणि व्हिप. सेव्ह म्हणजे शेवटी राखलेली आघाडी, स्ट्राइकआउट म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेला फलंदाज, ईआरए म्हणजे पिचरने दर नऊ डावांमागे दिलेल्या धावा, व्हिप म्हणजे दर डावामागे दिलेले हिट आणि वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट दिलेला बेस). याहू, ईएसपीएन किंवा फॅनट्रॅक्सवर फुकट लीग उघडता येते. प्रवेश फी आणि बक्षिसाची रक्कम यांच्या नादी लागू नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे.

आधी घड्याळ जुळवा

न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होतो, लॉस एंजेलिसमधला सकाळी साडेसातला. कोण कितव्या क्रमांकावर खेळणार ती यादी सामन्याच्या तीन-चार तास आधी येते, म्हणजे आपल्या मध्यरात्री किंवा त्यानंतर. रोज हे बघणं कोणालाच झेपत नाही. त्यातून पावसात दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत वीज आणि नेटवर्कचा भरवसा नसतो. म्हणून कोकणातल्या मंडळींची लीग असेल तर संघ आठवड्यातून एकदाच लावायचा नियम ठेवा. सोमवारचा पहिला सामना बहुतेक वेळा आपल्या मंगळवारी पहाटे असतो, त्यामुळे सोमवारी रात्री जेवणानंतर संघ लावला तरी चालतो. अपवाद दोन: मेचा शेवटचा सोमवार आणि सप्टेंबरचा पहिला सोमवार. त्या दिवशी तिकडे सुट्टी असल्याने दुपारचे सामने असतात आणि आपल्या रात्री साडेदहाच्या सुमारास दार बंद होतं. लीग रोज संघ लावायची असेल तर निदान रविवारी रात्री दहाच्या आत एकदा बघा, कारण रविवारी बहुतेक सामने दुपारचे असतात.

फलंदाज: सरासरी सर्वांत शेवटी बघा

फलंदाज चढला की पडला हे लोक सरासरीवरून ठरवतात आणि तिथेच फसतात. फटका मैदानात पडल्यावर तो क्षेत्ररक्षकाच्या हातात जातो की दोघांच्या मधून निघतो, यावर फलंदाजाचा ताबा थोडाच असतो. हा भाग वेगळा काढण्यासाठी बॅबिप हा आकडा आहे. एकूण हिट्समधून, म्हणजे फलंदाजाला सुखरूप बेसवर नेणाऱ्या फटक्यांतून, होम रन वजा करा. मग ॲट-बॅट्समधून (वॉक वगैरे सोडून खेळलेल्या पाळ्या) स्ट्राइकआउट आणि होम रन वजा करून त्यात सॅक्रिफाइस फ्लाय (झेल जाऊनही धाव मिळवून देणारे उंच फटके) मिळवा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा.

समजा, एका फलंदाजाचे ३०० ॲट-बॅट, ६६ हिट, १४ होम रन, ६६ स्ट्राइकआउट आणि ३ सॅक्रिफाइस फ्लाय आहेत. सरासरी .२२०, म्हणजे त्याच्या मालकाचा जीव मेटाकुटीला आलेला. बॅबिप येतो ५२ भागिले २२३, म्हणजे .२३३. लीगचा बॅबिप .२९० च्या आसपास असतो. तेवढाच याचा असता तर १३ हिट जास्त मिळाले असते आणि सरासरी .२६३ झाली असती. असा माणूस पडत्या भावात मिळत असेल तर घ्या. मात्र प्रत्येकाला .२९० लावून मोकळे होऊ नका. वेगाने पळणारे आणि सपाट फटके मारणारे वर्षानुवर्षं .३२० च्या वर राहतात, तर उंच फटके मारणारे जड अंगाचे खेळाडू .२६० लाच असतात. तुलना त्याच्याच मागच्या तीन वर्षांशी करा.

मग स्ट्राइकआउट आणि वॉकची टक्केवारी बघा, कारण हे आकडे लवकर स्थिर होतात. स्ट्राइकआउटचं प्रमाण साधारण ६० वेळा खेळायला आल्यावर बोलू लागतं, वॉकचं १२० वेळा, होम रनचं १७० वेळा. बॅबिपला मात्र मैदानात पडलेले ८०० च्या वर फटके लागतात, म्हणजे एका मोसमात तो कधीच पुरता खरा होत नाही. ज्याचे स्ट्राइकआउट २८ टक्क्यांवरून २० वर आले तो खरोखर बदललाय. ज्याची फक्त सरासरी वाढली त्याच्याबद्दल तसं म्हणता येत नाही; उधाणाचं पाणी धक्क्यावर चढलं म्हणून समुद्र वाढला असं होत नाही.

तिसरी पायरी बेसबॉल सॅव्हंट या फुकट संकेतस्थळावर. खेळाडूच्या पानावर रंगीत गोळे दिसतात, लाल म्हणजे चांगलं, निळं म्हणजे वाईट. तिथे तीन गोष्टी बघा: ताशी ९५ मैलांपेक्षा वेगाने मारलेल्या फटक्यांचं प्रमाण, बॅरलचं (जोर आणि कोन दोन्ही साधलेल्या फटक्यांचं) प्रमाण, आणि एक्सवोबा व वोबा यांतला फरक. एक्सवोबा म्हणजे फटक्यांचा जोर आणि कोन पाहता जे मिळायला हवं होतं ते. वोबा म्हणजे जे प्रत्यक्षात मिळालं; दोन्ही एकूण फलंदाजी मोजणारे आकडे. एक्सवोबा वोबापेक्षा .०३० किंवा त्याहून जास्त वर असेल तर तो खेळाडू विकत घ्यायच्या यादीत. उलट असेल तर विकायच्या यादीत, पण वेगवान खेळाडूंच्या बाबतीत थोडी सूट द्या. ते जमिनीवरच्या फटक्यांवर पळून हिट मिळवतात आणि एक्सवोबा त्यांना पुरता न्याय देत नाही.

फलंदाजीचा क्रमही विसरू नका. पहिला आणि नववा क्रमांक यांत रोज फलंदाजीच्या जवळपास ०.९ पाळीचा फरक पडतो, म्हणजे ६५ सामन्यांत पन्नासहून अधिक पाळ्या. २०२४ मध्ये फ्रान्सिस्को लिंडोर मेच्या मध्यावर .२०० च्या खाली होता. त्याच्या न्यूयॉर्क मेट्स संघाने त्याला सलामीला आणलं आणि मोसम संपला तेव्हा त्याच्या नावावर .२७३, ३३ होम रन आणि २९ स्टील होते. क्रम बदलल्याची बातमी कळली की त्याच दिवशी हालचाल करा. आठवडाभराने ती प्रत्येकाला माहीत होते.

स्टीलचं गणित २०२३ पासून बदललं. बेस मोठे झाले, पिचरने बेसकडे चेंडू टाकण्यावर मर्यादा आली आणि एकूण स्टील २,४८६ वरून ३,५०३ वर गेले. त्यामुळे दहा-बारा स्टीलवाल्या खेळाडूला पूर्वीची किंमत देऊ नका. पण सरासरी घसरली म्हणून पायांचा वेग घसरत नाही, हेही ध्यानात ठेवा. त्याच वर्षी ट्रे टर्नर ऑगस्टच्या सुरुवातीला .२३५ च्या आसपास रखडत होता आणि शेवटी .२६६, २६ होम रन आणि ३० पैकी ३० स्टील घेऊन गेला. ज्याने त्याला जुलैत फेकलं त्याने सगळा फायदा दुसऱ्याला दिला.

चढलेल्याला विकणं म्हणजे तो वाईट आहे असं नव्हे. २०२३ च्या जूनअखेर लुईस अराएझ .४०० च्या आसपास होता. शेवटी तो .३५४ वर आला, म्हणजे तरीही नॅशनल लीगमध्ये पहिला. पण जूनमध्ये त्याच्यासाठी जो भाव मिळत होता तो .४०० चा होता, आणि होम रन व स्टील त्याच्याकडून फार येणार नव्हते. अशा वेळी विकणारा हुशार ठरतो.

पिचर

पिचरचे विजय बघून काहीच ठरवू नका. ते संघाच्या फलंदाजीवर असतात. ईआरएसुद्धा एकट्याने बघू नका. स्ट्राइकआउटच्या टक्केवारीतून वॉकची टक्केवारी वजा करा. १४ च्या आसपास म्हणजे साधारण, २० च्या वर म्हणजे उत्तम. हा फरक चांगला आणि ईआरए वाईट, तर घ्या. मग बेसवर पोहोचूनही धाव न करता अडकून राहिलेल्या धावपटूंचं प्रमाण बघा. लीगमध्ये ते ७२ टक्क्यांच्या आसपास असतं. एखाद्याचं ८२ असेल आणि स्ट्राइकआउट मध्यम असतील तर त्याचा २.६० चा ईआरए टिकणार नाही. फँग्राफ्सवर हे सगळं आणि उरलेल्या मोसमाचे स्टीमर, झिप्स यांचे अंदाज फुकट मिळतात.

चेंडूचा वेग हा पिचरचा सर्वांत प्रामाणिक आकडा. मेच्या तुलनेत फास्टबॉल ताशी दीड मैलाने खाली आला तर खांदा किंवा कोपराची शंका घ्या, ईआरए कितीही छान दिसो. कोपराच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली तर बारा ते अठरा महिने गेले. तरुण पिचर आणि शस्त्रक्रियेनंतर परतलेले यांचे डाव संघ ऑगस्टपासून मोजून वापरतात. जुलैत त्यांचा भाव शिखरावर असतो, विकायचे तेव्हाच.

आठवड्यात दोनदा टाकणारा पिचर शोधताना सोमवार आणि मंगळवारची नावं बघा. त्यांची पुढची पाळी शनिवार-रविवारी येते. मध्ये सुट्टीचा दिवस आला तर मंगळवारवाल्याची दुसरी पाळी पुढच्या आठवड्यात सरकते. ही चूक फार होते.

जुलैअखेरची अदलाबदल आणि क्लोजर

संघांमधल्या खऱ्या ट्रेडची मुदत जुलैच्या शेवटाला किंवा ऑगस्टच्या आरंभी संपते. तोपर्यंत सर्वांत मोठी उलथापालथ क्लोजरची होते. क्लोजर म्हणजे शेवटच्या डावात आघाडी राखणारा. सेव्ह त्यालाच मिळतात. हरणाऱ्या संघात असलेला आणि करार वर्षअखेर संपणारा क्लोजर जवळजवळ नक्की विकला जातो. २०२५ मध्ये रायन हेल्सली कार्डिनल्सकडून मेट्सकडे गेला. तिथे एडविन डियाझ आधीच होता, आणि हेल्सलीची सेव्हची वाट बंद झाली. मेसन मिलर पाद्रेजकडे गेला, तिथेही रॉबर्ट सुआरेझ क्लोजर होता. योहान दुरान मात्र फिलीजकडे जाऊन क्लोजरच राहिला. म्हणून अशा क्लोजरला जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातच विका आणि त्याच्या मागे आठवा डाव टाकणाऱ्याला वेव्हरवरून, म्हणजे कोणाच्याच संघात नसलेल्या खेळाडूंतून, उचलून बाकावर ठेवा. एक जागा तीन आठवडे अडकते, पण लागलं तर दहा सेव्ह फुकट मिळतात.

फलंदाज नव्या मैदानात गेला की भाव बदलतो. युजेनियो सुआरेझ २०२५ मध्ये ॲरिझोनातून सिएटलला गेला. एकूण ४९ पैकी १३ होम रन त्याने तिथे मारले, पण सरासरी .१८९ वर घसरली. सिएटलचं मैदान पिचरांना धार्जिणं आहे. कोलोरॅडोच्या उंचावरच्या मैदानातून बाहेर पडणाऱ्याला याहून जास्त फटका बसतो.

दुखापती

फलंदाज किमान १० दिवस आणि पिचर किमान १५ दिवस इंज्युर्ड लिस्टवर (जखमींच्या यादीत) राहतो, पण ही किमान मुदत आहे. परतीचा अंदाज दुखापतीवरून करा. बरगडीलगतचा ऑब्लिक स्नायू दुखावला तर साधारण चार ते सहा आठवडे. मनगटाजवळचं हॅमेट हाड मोडलं तर परत आल्यावरही फटक्यात जोर यायला वेळ लागू शकतो, तेव्हा होम रनसाठी त्याच्यावर विसंबू नका. लीगमध्ये इंज्युर्ड लिस्टची जागा रिकामी असेल तर दुसऱ्याने सोडलेला चांगला जखमी खेळाडू तिथे आणून ठेवा.

आपल्याला काय हवंय

खेळाडू शोधण्याआधी गुणतक्ता उघडा. ५×५ च्या प्रत्येक रकान्यात जितका वरचा क्रमांक, तितके जास्त गुण. प्रत्येक रकान्यात वरच्या आणि खालच्या संघापासून किती अंतर आहे ते लिहून काढा. सात सेव्ह मिळाले की तीन गुण वाढतात आणि चाळीस होम रन मिळवूनही एकच वाढतो, असं असेल तर होम रनवाला विकून क्लोजर घ्या. ईआरए आता हलणार नाही म्हणून लोक सोडून देतात, तेही बरोबर नाही. ८५० डावांत ४.०० असेल आणि उरलेले ५५० डाव ३.४० ने टाकले तर शेवटी ३.७६ येतो. घोळक्यात असाल तर तेवढ्यात दोन-तीन संघ मागे पडतात.

प्रस्ताव पाठवताना समोरच्याचा तक्ता आधी वाचा आणि त्याची गरज बोलून दाखवा: "दादा, तुमच्याकडे स्टील भरपूर आहेत, सेव्हमध्ये मात्र शेवटी आहात. माझा दुसरा क्लोजर घ्या, तुमचा तिसरा आउटफिल्डर मला द्या." गेल्या पंधरा दिवसांतल्या आकड्यांवर कोणाला पटवायला जाऊ नका आणि स्वतःही पटू नका. एकामागून एक हलके प्रस्ताव पाठवले की समोरचा पुढे चांगलाही उघडून बघत नाही. दोन देऊन एक घेताना रिकाम्या झालेल्या जागी वेव्हरवरून कोण मिळेल ते आधी बघा. आठ-दहा जणांच्या लीगमध्ये तिथे बरे खेळाडू असतात, म्हणून एक मोठा घेणं परवडतं. पंधरा जणांच्या लीगमध्ये तिथे काहीच उरलेलं नसतं.

लीगची स्वतःची ट्रेडची मुदत बहुधा ऑगस्टमध्ये संपते, ती सेटिंगमध्ये बघून ठेवा. आणि बाद फेरी असलेल्या लीगमध्ये सप्टेंबरचा विचार आताच करा. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे शेवटच्या फेऱ्या आरत्या, भजनं आणि घरात आलेल्या चाकरमान्यांच्या गडबडीत पडणार. त्या दोन आठवड्यांत रोज पिचर बदलत बसणं जमणार नाही. तेव्हा ऑगस्टमध्येच ठरलेल्या क्रमावर रोज खेळणारे फलंदाज, जागा पक्की असलेला क्लोजर आणि डावांची मर्यादा नसलेले अनुभवी पिचर जमवा. प्लेऑफमधली जागा आधीच पक्की झालेले संघ शेवटच्या आठवड्यात आपल्या मोठ्या खेळाडूंना विश्रांती देतात, त्यामुळे अटीतटीच्या शर्यतीत असलेल्या संघांतले खेळाडू बाकावर तयार ठेवा.