गोल्डफिशला काय झालंय बघायच्या आधी पाणी बघा

मासा तळाशी बसून राहिलाय, पर मिटलेत, खायला टाकलं तरी ढिम्म हलत नाही, असं दिसलं की आपण काय करतो तर दुकानात पळत जाऊन ती निळ्या औषधाची बाटली आणतो आणि टाकतो दहा-बारा थेंब. मीपण केलंय हे. पहिली टाकी होती माझी, आणि वर शहाणपणा म्हणून सगळं पाणी उपसलं, खडे काढून धुतले, फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा पिळला, टाकी एकदम लखलखीत. चौथ्या दिवशी दोन्ही मासे उताणे. आधी आजार होता का नव्हता देव जाणे, मारलं ते त्या सफाईने.

झालं असं की गोल्डफिश खातो पण भरपूर आणि शी पण भरपूर करतो, शिवाय कल्ल्यांमधून सतत अमोनिया सोडत असतो. स्पंजमध्ये आणि खड्यांवर वाढलेले बॅक्टेरिया त्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन्ही विष, नायट्रेट त्यामानाने सौम्य. ही बॅक्टेरियाची वस्ती बसायला ४ ते ६ आठवडे लागतात आणि नळाच्या क्लोरीनने ती एका धुण्यात साफ होते. निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, तेही तिला सोडत नाही, वर टाकीच्या काचा जोडणारा सिलिकॉन कायमचा निळा होतो ते वेगळंच. स्पंज धुवायचा तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळायचा, बास.

म्हणून मासा मलूल दिसला की पहिलं काम पाणी तपासणं. थेंबांचं टेस्ट किट मिळतं ते एकदा घेऊन ठेवा. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट ४० पीपीएमच्या (म्हणजे लिटरला ४० मिलिग्रॅमच्या) खाली पाहिजे. किट नसेल तर विचार करत बसू नका, ३० टक्के पाणी सरळ बदला, नवीन पाणी क्लोरीन काढलेलं आणि तेवढ्याच तापमानाचं. उघड्या बादलीत २४ तास ठेवलं की साधा क्लोरीन उडून जातो, पण पाण्यात क्लोरामाइन असेल तर तो नुसता ठेवून जात नाही, त्याला बाटलीवर तसं लिहिलेलं, टाकीच्या पाण्यासाठीचं कंडिशनरच लागतं. मासे वर येऊन तोंडाने पचपच करत असतील तर एअर पंप वाढवा. मे महिन्यात हे हमखास होतं, २० डिग्रीच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन राहतो, ३० ला जेमतेम साडेसात. आणि लाइट जाणाऱ्या गावात असाल तर बॅटरीवरचा पंप घ्याच.

पाणी ठीक आहे आणि तरी मासा बरा नाही, मग मोबाइलचा टॉर्च लावून बाजूने नीट बघा. अंगावर, परांवर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके असतील आणि मासा खड्यांवर अंग घासत असेल तर तो इक, व्हाइट स्पॉट. पण थांबा, ठिपके फक्त कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेला ओळीत असतील, मासा मजेत खात-पळत असेल, तर तो नर आहे आणि वयात आलाय एवढंच! माझ्या मावसभावाने अशा ठणठणीत माशाला आठवडाभर औषधात बुडवून ठेवलं होतं.

खऱ्या इकचा खेळ असा, ठिपक्यातला जंतू कातडीखाली असतो तोवर त्याला औषध लागत नाही. तो पिकून खाली पडतो, तळाशी फुटून शेकडो पिल्लं सोडतो, ती मासा शोधत पोहतात, आणि फक्त तेव्हाच मरतात. त्यामुळे तिसऱ्या दिवशी ठिपके गेले म्हणून उपचार बंद केला की आठवड्यात दुप्पट होऊन परत येतात. मी खडेमीठ वापरतो, आधी लिटरला १ ग्रॅम, मग १२-१२ तासांनी अजून १-१ असं करत ३ ग्रॅमपर्यंत. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत खडे वगैरे धरून साधारण ५० लिटर पाणी बसतं, म्हणजे एका वेळी ५० ग्रॅम, किचनच्या काट्यावर मोजून, मगभर पाण्यात पूर्ण विरघळवून. खडा तसाच टाकला आणि माशाला चिकटला तर कातडी भाजते. वनस्पती आणि गोगलगायी आधी काढा, टिकत नाहीत. मीठ उडून जात नाही, त्यामुळे पाणी आटलं म्हणून वर भरताना मीठ नाही, बदललंत तर बदललेल्या पाण्यापुरतंच. थंडीत हीटरने हळूहळू २८ पर्यंत न्या म्हणजे जंतूचं चक्र लवकर फिरतं, हवा जोरात ठेवून. शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर चालू ठेवा.

अंगातून दोऱ्यासारखं काही लोंबत असेल तर अँकर वर्म, चिमट्याने अगदी कातडीजवळ धरून काढायचा, नाहीतर डोकं आत राहतं. परांच्या कडा झिरमिळ्या होऊन पांढऱ्या-लाल दिसल्या तर फिन रॉट, लवकर लक्षात आलं तर रोज २५ टक्के पाणी बदलून बहुतेक वेळा भरून येतं. माणसांच्या टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल फोडून टाकतात लोक, नका हो टाकू, फिल्टर मरतो आणि जंतू निर्ढावतात.

ओरंडासारख्या गोलमटोल जातीचे गोल्डफिश तिरके तरंगायला लागले तर बऱ्याचदा पोट साफ नसतं. दोन दिवस उपास, मग उकडलेला मटार साल काढून कुस्करून. पुढे तरंगणाऱ्या दाण्यांऐवजी बुडणारं, भिजवलेलं खाणं द्या. खवले उभे राहून वरून अननसासारखा दिसायला लागला तर मात्र खरं सांगतो, ड्रॉप्सीतून, म्हणजे अंगात पाणी साचून फुगण्यातून, फार कमी वाचतात. वेगळा ठेवा, पाणी स्वच्छ ठेवा.

आणि हे सगळं टाळायचं तर बाउल नको, दोन फुटी टाकीत दोनच मासे, दर आठवड्याला पाव पाणी बदल, आणि नवीन मासा ३-४ आठवडे वेगळ्या टबात, त्याची जाळीसुद्धा वेगळी. हाताला कापलेलं असेल तर टाकीत हात घालू नका, माशांच्या टीबीचा जंतू त्यातून माणसाच्या कातडीत शिरू शकतो. बादलीही स्वतंत्र, साबण कधीच न लागलेली. माझ्या बादलीत एकदा घरच्यांनी फडकी भिजवली होती, ती गेली बाथरूममध्ये, आणि नवीन बादलीवर मार्करने मोठ्ठं ‘मासे’ लिहून ती थेट माळ्यावर ठेवलीय.