नरसाळं, परात आणि डीईएम

एम.टेक.ला सरांनी डीईएम, म्हणजे डिस्क्रीट एलिमेंट मेथड, हा विषय दिला तेव्हा मला वाटलं, सॉफ्टवेअर शिकलो की झालं. तसं झालं नाही. या विषयात नव्याने येणाऱ्यांसाठी माझा अनुभव लिहितोय.

फायनाईट एलिमेंट या नेहमीच्या गणनापद्धतीत आपण माती सलग धरतो. डीईएममध्ये प्रत्येक दाणा वेगळा. दोन दाणे एकमेकांत किती घुसले यावरून स्प्रिंगसारखं बल काढायचं, न्यूटनच्या नियमाने दाणा किंचित सरकवायचा, पुन्हा संपर्क शोधायचे. पीटर कंडॉल यांनी १९७१ मध्ये हे सांध्यांनी तुकडे पडलेल्या खडकासाठी मांडलं, आणि १९७९ मध्ये ओटो स्ट्रॅक यांच्यासोबत कणांच्या ढिगासाठी.

माझं पहिलं काम साधं होतं: नरसाळ्यातून वाळू ओतायची, ढिगाचा उतार मोजायचा आणि तोच संगणकावर आणायचा. लॅबमध्ये परातीवर कोरड्या वाळूचा ढीग ३३ अंशांवर उभा राहिला. स्क्रीनवरचा मात्र विशीच्या आसपास येऊन पसरला. घर्षण गुणांक ०.३ चा ०.५ केला, मग ०.८, मग १. एका मर्यादेपुढे उतार हलेचना. तीन आठवडे यातच गेले.

शेवटी चिमूटभर वाळू भिंगाखाली धरली. कोपरे, कंगोरे, चपटे दाणे. माझ्या मॉडेलमध्ये मात्र सगळे गुळगुळीत गोल. घर्षण दाण्याला घसरू देत नाही, पण गोल दाणा घरंगळतो, त्याला कोण अडवणार? गवंड्याला हे न शिकवता माहीत असतं: क्रश सँडचा ढीग नदीच्या गोलसर वाळूपेक्षा ताठ राहतो. उपाय दोन आहेत. गोलांनाच घरंगळण्याचा रोध द्यायचा, किंवा तीन-चार गोल जोडून एक ओबडधोबड दाणा करायचा. पहिला स्वस्त, दुसरा जास्त खरा. मी पहिल्याने सुरुवात केली आणि तुम्हीही तेच करा.

डॅम्पिंगकडेही, म्हणजे दाण्यांची हालचाल मुद्दाम मंदावण्याकडेही, नीट बघा. दाणे लवकर स्थिरावावेत म्हणून मी लोकल डॅम्पिंग ०.७ ठेवलं होतं. त्यात पडणाऱ्या दाण्याला गुरुत्व त्वरणाच्या तीस टक्केच मिळतात. नरसाळ्यातून वाळू पिसासारखी उतरत होती आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं. संथ दाबाच्या चाचणीत ते चालतं, ओतण्यात नाही.

आता वेळेचा हिशोब. ०.२ मिलिमीटरचे दाणे घेतले तर एका घन सेंटिमीटरमध्ये साधारण दीड लाख बसतात. डायरेक्ट शिअरच्या, म्हणजे पेटीचा अर्धा भाग दुसऱ्यावर सरकवून मातीची ताकद मोजायच्या चाचणीच्या, ६० बाय ६० बाय २५ मिलिमीटरच्या पेटीत सव्वा कोटीच्या वर. टाइम स्टेप, म्हणजे दाणा एका वेळी जितक्या वेळापुरता सरकवायचा तो काळ, दाण्याच्या वस्तुमान आणि स्प्रिंगच्या ताठरपणाच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावर ठरते, म्हणून ती सेकंदाच्या कोट्यंशाच्या घरात जाते. दाणा १ मिलिमीटरचा केला की पेटीत लाखभरच उरतात. दाणा मोठा केला हे प्रबंधात मोकळेपणाने लिहा, लपवू नका.

आपल्याकडची मुलं थेट माळीणसारखी दरड करायला जातात. ३० जुलै २०१४ ची ती दरड मुसळधार पावसात आली होती. कोरड्या कणांच्या मॉडेलमध्ये छिद्रांतल्या पाण्याचा दाबच नसतो. पाणी जोडणं हे वेगळं, मोठं काम आहे. आधी कोरडी वाळू जमू द्या. डीईएमचं येड हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पायथॉन येत असेल तर लगेच हात बसतो. पीएफसी या दुसऱ्या सॉफ्टवेअरचा परवाना महाग, तो कॉलेजकडे असेल तरच.

आणि ढीग जुळला म्हणून थांबू नका. घसरण्याचं घर्षण आणि घरंगळण्याचा रोध यांच्या कितीतरी जोड्या तोच ३३ अंशांचा उतार देतात. माझ्याकडे अशा चार जोड्या होत्या. चारही शिअर पेटीत चालवल्या तेव्हा तीन बाद झाल्या. उरली त्या एका जोडीवरच पुढचं सगळं काम उभं राहिलं.