रेडिसच्या स्लो लॉगवरून डेटाबेसची मंदगती कशी शोधावी

रेडिस हा डेटा मेमरीत ठेवणारा डेटाबेस असल्यामुळे त्याच्या बहुतेक आज्ञा काही मायक्रोसेकंदांत (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग) पूर्ण होतात. त्यामुळे ॲप मधूनच अडकू लागले की संशय आधी नेटवर्कवर, मग सर्व्हरच्या क्षमतेवर जातो आणि रेडिसकडे लक्ष सर्वांत शेवटी वळते. वास्तविक रेडिस आपल्या संथ आज्ञांची नोंद, म्हणजेच ‘स्लो लॉग’, स्वतःच ठेवत असतो आणि ती वाचण्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. महापे किंवा वागळे इस्टेटमधील ज्या छोट्या कंपन्यांत ॲप लिहिणाऱ्यालाच सर्व्हरही सांभाळावा लागतो, तिथे ही नोंद नीट वाचता येणे फार मोलाचे ठरते.

उदाहरणादाखल वाशीच्या घाऊक बाजारातील दर दाखवणारे एक ॲप डोळ्यांसमोर ठेवू. कांदा-बटाटा, भाजीपाला आणि फळांचे दर व्यापारी त्यात भरतात व ठाणे-डोंबिवलीचे किरकोळ विक्रेते ते पाहतात. पहाटे साडेचारच्या सुमारास दरांचे पान थबकते, अशी तक्रार आहे. पुढील आज्ञांची नावे येथे देवनागरीत दिली असली, तरी टर्मिनलवर ती रोमन लिपीतच टंकावीत.

आधी मोजमाप समजून घ्या

स्लो लॉगमध्ये नोंदला जाणारा वेळ हा फक्त आज्ञा प्रत्यक्ष चालवण्याचा वेळ असतो. क्लायंटकडून, म्हणजे रेडिसला जोडलेल्या प्रोग्रॅमकडून, आज्ञा वाचणे, उत्तर परत पाठवणे किंवा आज्ञेने आपली पाळी येईपर्यंत थांबणे यांपैकी काहीही त्यात धरलेले नसते. दुसरीकडे, रेडिस आज्ञा एकामागून एक चालवतो. आवृत्ती 6 पासून नेटवर्कच्या कामासाठी अधिक थ्रेड (एका प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारे कामाचे धागे) वापरता येतात, पण आज्ञा चालवण्याचे काम मुख्य थ्रेडच करतो. एकच खिडकी चालू असलेल्या तिकीटघरात पुढच्या माणसाने पासाचा अर्ज भरायला घेतला, तर मागे साधे तिकीट काढायला उभे असलेले सगळे खोळंबतात, तसेच इथे होते.

यातून निघणारा निष्कर्ष संपूर्ण तपासाचा पाया आहे. ज्या आज्ञेमुळे वापरकर्त्याचे पान थबकले, ती आज्ञा बहुधा लॉगमध्ये सापडणारच नाही. कांद्याचा दर आणणारी ‘गेट’ आज्ञा चालायला काही मायक्रोसेकंदच लागले. ती केवळ दुसऱ्या कुणामागे ताटकळली होती. म्हणून लॉगमध्ये तक्रारीतील आज्ञा शोधू नये, त्याच क्षणी रेडिसला अडवून धरणारी आज्ञा शोधावी.

लॉगची मर्यादा ठरवा

‘स्लोलॉग-लॉग-स्लोअर-दॅन’ या सेटिंगचे मूळ मूल्य 10000 मायक्रोसेकंद, म्हणजे 10 मिलिसेकंद असते. त्याहून अधिक वेळ घेणारी आज्ञाच नोंदली जाते. मूल्य 0 ठेवल्यास प्रत्येक आज्ञा नोंदली जाते आणि ऋण ठेवल्यास नोंद बंद होते. ‘स्लोलॉग-मॅक्स-लेन’चे मूळ मूल्य 128 असून, तेवढ्या नोंदी भरल्या की सर्वांत जुनी नोंद गळून पडते. पहाटेची तक्रार आपण दहा वाजता कार्यालयात पोहोचून पाहणार असू, तर 128 नोंदी पुरतीलच असे नाही. त्यामुळे हा आकडा 1024 पर्यंत वाढवावा. दोन्ही बदल ‘कॉन्फिग सेट’ने चालू सर्व्हरवर करता येतात, सर्व्हर बंद करावा लागत नाही. क्लाउडवरील व्यवस्थापित सेवेत ही आज्ञा बंद असेल, तर हेच बदल त्या सेवेच्या सेटिंगच्या पानावरून करावेत.

हा लॉग फाइलमध्ये नव्हे, मेमरीत असतो. रेडिस पुन्हा सुरू केला की तो पुसला जातो. तक्रार येताच ‘आधी रिस्टार्ट करून पाहू’ असे म्हणणे म्हणजे हाती असलेला पुरावा घालवणे होय. म्हणून आधी नोंदी बाहेर काढून ठेवाव्यात.

नोंद वाचा आणि वेळ जुळवा

‘स्लोलॉग गेट’ ही आज्ञा पुढे आकडा न दिल्यास 10 नोंदी दाखवते, म्हणून ‘स्लोलॉग गेट 200’ असे मागावे. आवृत्ती 4.0 पासून प्रत्येक नोंदीत सहा गोष्टी असतात: क्रमांक, युनिक्स वेळ, लागलेले मायक्रोसेकंद, आज्ञा व तिचे घटक, क्लायंटचा आयपी व पोर्ट आणि क्लायंटचे नाव. आज्ञा फार लांब असल्यास ती कापून नोंदली जाते. 32 पेक्षा अधिक घटक आणि 128 पेक्षा अधिक अक्षरांचा मजकूर पूर्ण दिसत नाही.

युनिक्स वेळ म्हणजे 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद. ती जागतिक प्रमाणवेळेवर आधारलेली असते, त्यामुळे तिच्यात साडेपाच तास मिळवून मगच तक्रारीशी ताडून पाहावे. आपल्या उदाहरणातील पहाटे साडेचार म्हणजे जागतिक वेळेनुसार आदल्या दिवशीचे रात्रीचे 11 असतात. तारीखच बदलत असल्याने घाईत चुकीच्या दिवसाच्या नोंदी पाहिल्या जातात. ही काळजी क्षुल्लक वाटली, तरी तपासाची दिशा तीच ठरवते.

समजा, त्या मिनिटाला ‘कीज दर:*’ ही आज्ञा 380000 मायक्रोसेकंद चालल्याची नोंद सापडली आणि तशाच नोंदी दर मिनिटाला दिसल्या. ‘कीज’ ही आज्ञा डेटाबेसमधील प्रत्येक की-नाव (ज्या नावाखाली माहिती साठवली जाते ते नाव) तपासते, त्यामुळे जुन्या तारखांचे दर साठत गेले की ती दिवसेंदिवस जड होत जाते. ती कुणी पाठवली, हे आयपीवरून कळते. प्रत्येक प्रोग्रॅमने जोडणी करताना ‘क्लायंट सेटनेम’ने स्वतःचे नाव दिलेले असेल, तर शोध क्षणात संपतो, ही सवय प्रत्येक चमूने लावून घ्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

या नोंदींत आज्ञांचे घटकही असल्यामुळे त्यांत ग्राहकांचे मोबाइल क्रमांक किंवा नावे असू शकतात. मदत मागताना लॉगचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप गटावर टाकण्यापूर्वी हा मजकूर झाकावा.

कारणानुसार उपाय करा

‘कीज’च्या जागी ‘स्कॅन’ वापरावी. ती थोडी थोडी नावे देत पुढे सरकते आणि मधल्या काळात इतर आज्ञांना वाट मिळते. मात्र तिच्या उत्तरात एखादे नाव दोनदा येऊ शकते, हे प्रोग्रॅममध्ये गृहीत धरावे. मोठ्या हॅशवर (फील्ड व त्यांची मूल्ये ठेवणाऱ्या रचनेवर) ती संपूर्ण मागवणारी ‘एचगेटऑल’ चालत असेल, तर ‘एचएमगेट’ने हवी तेवढीच फील्ड मागवावीत. मोठ्या सेटमधील (संचातील) सर्व घटक एकदम मागवणाऱ्या ‘एसमेंबर्स’ऐवजी ‘एसस्कॅन’ आहे. यादीवर ‘एलरेंज 0 -1’, म्हणजे संपूर्ण यादीची मागणी, दिसत असेल, तर पानावर मावतील तेवढेच घटक मागवावेत. फार मोठी रचना पुसताना ‘डेल’ अडवून धरत असेल, तर आवृत्ती 4.0 पासून उपलब्ध असलेली ‘अनलिंक’ वापरावी. ती मेमरी मोकळी करण्याचे काम पार्श्वभूमीवरील थ्रेडकडे सोपवते. रेडिसमध्येच चालणारी लुआ भाषेतील स्क्रिप्ट सुरू असताना इतर कुणाचीही आज्ञा चालत नाही, त्यामुळे ती चालवणाऱ्या ‘इव्हॅल’ आज्ञेचा नोंदलेला वेळ मोठा असल्यास स्क्रिप्टचे तुकडे करावेत. जड अहवाल प्रतिकृती सर्व्हरवर (मुख्य डेटाची नक्कल ठेवणाऱ्या सर्व्हरवर) चालवावेत.

लॉग रिकामा असेल तर

तक्रार खरी आहे आणि लॉगमध्ये काहीच नाही, हेही एक निदानच आहे. पहिली शक्यता अशी की, मर्यादेखाली राहणाऱ्या लहान आज्ञा अफाट संख्येने येत आहेत. ‘इन्फो कमांडस्टॅट्स’मध्ये प्रत्येक आज्ञा किती वेळा चालली आणि एकूण व सरासरी किती वेळ लागला, हे दिसते, एकूण वेळ सर्वाधिक असलेली आज्ञा आधी पाहावी. दुसरी शक्यता आज्ञांबाहेरची आहे. डेटा डिस्कवर उतरवण्यासाठी रेडिस स्वतःची दुसरी प्रक्रिया निर्माण करतो, तेव्हा बसणारा खंड स्लो लॉगमध्ये येत नाही. त्यासाठी ‘लेटन्सी-मॉनिटर-थ्रेशोल्ड’ 100 मिलिसेकंदांवर ठेवून नंतर ‘लेटन्सी लेटेस्ट’ पाहावे, कारण मुळात हे मोजमाप बंद असते. तिसरी शक्यता नेटवर्कची. ॲपच्या सर्व्हरवरून ‘रेडिस-सीएलआय’ या रेडिसच्या टर्मिनलवरील साधनाला ‘लेटन्सी’ हा पर्याय देऊन चालवले की जाण्यायेण्याचा वेळ मिळतो.

बदल केल्यावर ‘स्लोलॉग रीसेट’ने नोंदी पुसाव्यात आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या त्याच वेळेनंतर पुन्हा पाहावे. दुपारच्या शांत वेळेतील रिकाम्या लॉगवरून दोष गेला असे समजू नये. मर्यादा 10000 वरून 5000 वर आणूनही त्या वेळेत नवी नोंद आली नाही, तर ‘कॉन्फिग रीराइट’ने नव्या सेटिंग कायम कराव्यात, अन्यथा पुढच्या रिस्टार्टनंतर जुनीच मूल्ये परत येतील.