ग्राफ कुठे उतरतोय हे डेरिव्हेटिव्हवरून कसं ओळखायचं

ग्राफ न काढताही तो कुठे उतरतोय ते सांगता येतं, फक्त डेरिव्हेटिव्ह काढता आला पाहिजे. ग्राफ वाचायचा नेहमी डावीकडून उजवीकडे. डेरिव्हेटिव्ह म्हणजे त्या जागचा चढउतार, प्लस आला तर चढतोय, मायनस आला तर उतरतोय, बस्स.

उदाहरण घेऊनच करू: य = २क्ष³ − ९क्ष² − २४क्ष + ५

आधी डेरिव्हेटिव्ह काढा, ६क्ष² − १८क्ष − २४. शेवटचा ५ गेला, तो अख्खा ग्राफ नुसता वर उचलतो, चढण्या-उतरण्यात त्याचं काही काम नाही. आता ६ कॉमन काढून फॅक्टर पाडा: ६(क्ष − ४)(क्ष + १). हे शून्य होतं −१ ला आणि ४ ला.

मग कागदावर आडवी रेघ मारा, या दोन खुणा करा, रेघेचे तीन तुकडे पडतील. प्रत्येक तुकड्यातला एक सोपा आकडा उचलून डेरिव्हेटिव्हमध्ये टाका. मी −२, ० आणि ५ घेतले, तर आले ३६, −२४ आणि परत ३६. मायनस फक्त मधल्या तुकड्यात, म्हणजे ग्राफ −१ पासून ४ पर्यंत उतरतोय. पडताळून बघायचं तर −१ ला य येतो १८ आणि ४ ला −१०७, चांगलाच घसरलाय.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे आकडे डेरिव्हेटिव्हऐवजी मूळ समीकरणात टाकणं, मीसुद्धा पेपरात केलीय. ५ तिथे टाकला की −९० येतात, मायनस दिसला की आपण लिहून मोकळे 'उतरतोय', पण अहो तो −१०७ वरून −९० वर आलाय, चढतोय की! ग्राफ अक्षाच्या खाली आहे म्हणून तो उतरतोय असं होत नाही.

डेरिव्हेटिव्ह शून्य झाला म्हणजे ग्राफ वळलाच असंही नाही. क्ष³ चा डेरिव्हेटिव्ह ३क्ष², ० ला शून्य, पण दोन्ही बाजूंना प्लसच, ग्राफ जरा दम खातो आणि पुढे चढतो.

आणि १/क्ष आला की सांभाळून. डेरिव्हेटिव्ह −१/क्ष², कायम मायनस, म्हणून 'सगळीकडे उतरतो' लिहिलं तर मार्क गेले. −१ ला य आहे −१ आणि १ ला य आहे १, मग उतरता उतरता वर कसा गेला? ० ला ग्राफ तुटलेला आहे, तिथे फंक्शनच नाही. म्हणून असा तुटलेला पॉइंटपण रेघेवर मांडायचा आणि उत्तर दोन तुकड्यांत लिहायचं, ० च्या आधी उतरतो, ० च्या नंतर उतरतो, दोन्ही जोडायचे नाहीत.