मुलाचं ऑपरेशन ठरलंय? या चुका टाळा

माझ्या मुलाचं टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइडचं (नाकाच्या मागच्या गाठीचं) ऑपरेशन झालं तेव्हा तो साडेपाच वर्षांचा होता. "आत्याकडे राहायला जायचंय," असं सांगून आम्ही त्याला घरातून बाहेर काढलं. तोही आनंदात निघाला, आतेभावासाठी दोन गाड्या खिशात घेऊन. रिक्षा दवाखान्याच्या दाराशी थांबली. नुकताच वाचायला शिकलेला, त्याने पाटी वाचली आणि माझा हात सोडला. रडला नाही, ओरडला नाही, फक्त हात सोडला. पुढचे दोन दिवस मी पाण्याचा पेला पुढे केला तरी विचारायचा, "यात औषध घातलंयस का?"

सुईचं दुखणं तो संध्याकाळपर्यंत विसरला होता. हे मात्र कित्येक महिने विसरला नाही. दोन वर्षांनी धाकटीचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा आम्ही सगळं वेगळ्या तऱ्हेने केलं.

कधी सांगायचं, काय सांगायचं

फार आधी सांगितलं तर मूल रोज धसका घेतं, दारात सांगितलं तर फसवल्यासारखं वाटतं. दोन-तीन वर्षांच्या बाळाला एखाददोन दिवस आधी, चार ते सहा वर्षांच्या मुलाला तीन-चार दिवस आधी आणि त्याहून मोठ्याला आठवडाभर आधी सांगावं. मोठी मुलं प्रश्न विचारतात. उत्तर येत नसेल तर "डॉक्टरकाकांना विचारू" म्हणावं आणि खरंच विचारावं.

"अजिबात दुखणार नाही" हे वाक्य घरातल्या सगळ्यांनी बंद करावं, आजी-आजोबांनीसुद्धा. सुई दुखतेच, आणि ती दुखली की तुमचं पुढचं एकही वाक्य मूल खरं मानत नाही. मी धाकटीला म्हटलं, "मुंगी कडकडून चावल्यासारखं होईल, आपण पाच अंक मोजायचे, मग संपेल." तिने सातपर्यंत मोजले. रडलीसुद्धा. पण हात तिने स्वतः पुढे केला होता. सुई टोचण्याआधी तासभर लावायचं त्वचा बधिर करणारं मलमही मिळतं. त्याबद्दल सिस्टरना आधीच विचारून ठेवा.

हाताला सलाईन लावलेली मुलं तो हात दगडासारखा धरून ठेवतात. आत सुई तशीच आहे, हलवलं की टोचेल, असं त्यांना वाटत असतं. सुई काढून घेतलेली असते, आत राहते ती मऊ प्लॅस्टिकची बारीक नळी. एवढं कळलं की मुलांचा खांदा सैल पडतो. माझ्या मुलाला हे कुणीच सांगितलं नाही. तो रात्रभर डाव्या कुशीला वळला नाही.

भूल देण्याला नुसतं "झोपवणार" म्हणू नका. लहान मूल मग रात्री घरीही झोपायला घाबरतं, किंवा मधेच जाग आली तर काय, असं म्हणतं. "ही औषधाची झोप आहे. काम संपेपर्यंत भूलतज्ज्ञ तुझ्या उशाशी थांबतात. काम झालं की औषध बंद करतात, मग तू उठतोस," असं पूर्ण सांगा.

आणि "जेवला नाहीस तर डॉक्टर सुई देतील" हा बागुलबुवा आपल्याकडे घरोघरी आहे. तो ऐकत वाढलेल्या मुलाला दवाखाना म्हणजे शिक्षाच वाटते. "तू काही चुकलास म्हणून हे होत नाहीये," हे मुलाने विचारलं नाही तरी सांगावं.

उपाशी ठेवण्यातल्या दोन उलट चुका

पहिली चूक जिवावर बेतू शकते. पोर भुकेने कळवळतंय म्हणून कुणीतरी हळूच बिस्किट देतं. भुलीत पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. साधारण नियम असा: हलकं खाणं आणि वरचं दूध ६ तास आधी बंद, आईचं दूध ४ तास आधी, साधं पाणी २ तास आधी. चहा-दूध पाण्यात मोजू नका. चुकून काही खाल्लं गेलंच तर लपवू नका, लगेच सांगा. ऑपरेशन पुढे ढकललं जाईल, एवढंच.

दुसरी चूक म्हणजे आदल्या रात्री आठपासून थेंबभरही न देणं. घसा सुकलेलं, चिडलेलं मूल दारातच थकून जातं. तुमच्या भूलतज्ज्ञांनी दिलेली वेळ कागदावर लिहून घ्या आणि तीच पाळा.

त्यांच्यापासून आणखी काही लपवायचं नसतं. रजा काढलीय, मेडिक्लेमची मंजुरी आलीय म्हणून लोक सर्दी-खोकला दाबून नेतात. सर्दीत श्वासनलिका चिडलेली असते, भुलीत तीच त्रास देते. सहा-सात वर्षांच्या मुलाचा हलणारा दातही सांगा. हातापायांची मेंदी आणि नेलपॉलिश टाळा, कारण बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या यंत्राला अडथळा येऊ शकतो. कानातलं, वाळे, करगोटा, ताईत घरीच उतरवून ठेवा. आयत्या वेळी गळ्यातला दोरा कात्रीने कापला जाताना पाहून आज्यांचे डोळे भरून येतात.

बॅगेत नवं खेळणं नसलं तरी चालेल, पण रोजची गोधडी हवीच. आणि ती धुऊन नेऊ नका. मी मुलाची गोधडी स्वच्छ धुऊन नेली, त्याने ती वास घेऊन बाजूला ढकलली.

शुद्धीवर येताना आणि घरी आल्यावर

याची आम्हाला कुणीच कल्पना दिली नव्हती. भुलीतून उठताना लहान मुलं, विशेषतः शाळेआधीच्या वयाची, कधी कधी हातपाय झाडतात, किंचाळतात, आईलाही ओळखत नाहीत. हे बहुधा अर्ध्या तासात ओसरतं. "असं काय करतोस" म्हणून दटावू नका. जवळ बसा, एकाच आवाजात बोलत राहा, सलाईनचा हात सांभाळा.

घरी आल्यावर अंथरूण ओलं होणं, रात्री दचकणं, आईचा पदर न सोडणं हे काही दिवस चालतं. रागावू नका. दोन-तीन आठवड्यांनंतरही कमी झालं नाही तर डॉक्टरांशी बोला. धाकटी रोज आजीला सुई टोचून सलाईन लावायची. आजीने हात पुढे केला, ते फार बरं झालं.

टॉन्सिल काढलं असेल तर घशात पांढरट थर दिसतो, तो पू नसतो. कानही दुखतो, कारण दुखणं घशातून तिकडे जातं. दुखतंय म्हणून गिळणं थांबवू देऊ नका, वेदनेचं औषध वेळेवर द्या आणि मऊ भात, खीर, भरपूर पाणी चालू ठेवा. कोकम सरबत किंवा डाळिंबाचा रस मात्र नको, उलटी झाली तर रक्त की रस ते कळत नाही. साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात खपली सुटताना रक्त येऊ शकतं. त्या काळात दूरच्या गावी जाऊ नका. तोंडातून ताजं लाल रक्त आलं, किंवा झोपेत मूल सारखं गिळतंय असं दिसलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट दवाखाना गाठा.