राक्षस बोलतोय की टेपची बॅटरी उतरलीय? गेममधल्या पात्राचा आवाज बदलताना या चुका टाळा

पिचचा, म्हणजे आवाजाच्या पट्टीचा, स्लायडर खाली ओढला की राक्षस तयार, वर ढकलला की बालवीर तयार, असं पहिला गेम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. मग खेळून बघितलं की राक्षस बॅटरी उतरलेल्या टेपरेकॉर्डरसारखा रेंगाळत बोलतो आणि बालवीर काय बोलला ते तिसऱ्यांदा ऐकूनही कळत नाही. माझ्याकडे सोलापुरातली जी पोरं गेमचे आवाज घेऊन येतात ती बहुतेक युनिटी नाहीतर गोडो या गेम बनवायच्या इंजिनांवर काम करतात, गेम मोबाइलसाठी असतो आणि सगळी पात्रं दोन-तीन मित्रांच्याच गळ्यातून निघालेली असतात. त्यात काही वावगं नाही. पण गडबडी मात्र ठरलेल्या असतात आणि त्यातल्या निम्म्या स्लायडरला हात लावायच्या आधीच झालेल्या असतात.

पिच बदलला, वाक्यही आखडलं

युनिटीत ऑडिओ सोर्सवर, म्हणजे आवाजाची फाइल वाजवणाऱ्या घटकावर, जो ‘पिच’ दिसतो तो खरं तर फाइल वाजवण्याचा वेग आहे. गोडोतल्या प्लेअरच्या ‘पिच स्केल’चंही तेच. आकडा १ असला की आवाज मूळचा, २ केला की एक सप्तक वर आणि वेग दुप्पट. इथं पहिली फसगत होते. ‘दोन पट्ट्या वर हवाय’ म्हणून पोरं सरळ २ टाकतात आणि पात्र किंचाळायला लागतं.

पेटी वाजवणाऱ्याला हे लगेच समजतं. काळ्या-पांढऱ्या दोन्ही मोजल्या तर शेजारच्या पट्टीवर जाणं म्हणजे एक सेमीटोन आणि अशा बारा झाल्या की सप्तक. एक पट्टी वर जायला आकड्याला १.०५९५ नं गुणायचं. म्हणजे चार पट्ट्या वर साधारण १.२६, सात पट्ट्या वर १.५, पाच पट्ट्या खाली ०.७५. हे चार-पाच आकडे कागदावर लिहून स्क्रीनशेजारी चिकटवा, स्लायडर अंदाजानं ओढू नका.

आता याचा पुढचा फटका. तीन सेकंदांचं वाक्य १.२६ वर वाजवलं तर ते २.४ सेकंदांतच संपतं. सबटायटल मात्र तीन सेकंद रेंगाळतं आणि ओठ हलतच राहतात. कारण कोडमध्ये क्लिपची लांबी विचारली तर युनिटी मूळ लांबीच सांगतं, पिचचा हिशेब त्यात धरलेला नसतो. लांबीला पिचच्या आकड्यानं भागा, सबटायटल जागेवर येतं. ‘लिपसिंक बिघडलं’ म्हणून ॲनिमेशन करणाऱ्याच्या डोक्यावर बसायच्या आधी हा एक भागाकार करून बघा.

वेग न बदलता फक्त पिच हलवायचा असेल तर युनिटीच्या मिक्सरमध्ये ‘पिच शिफ्टर’ आहे आणि गोडोत ऑडिओ बसवर ‘पिच शिफ्ट’ इफेक्ट लावता येतो. पण संवाद ठरलेलेच असतील तर दर वेळी गेम चालू असताना, फोनच्या प्रोसेसरवर बोजा टाकून हे करायचंच कशाला? ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘चेंज पिच’ वापरा, खालची उच्च दर्जाच्या स्ट्रेचिंगची खूण चालू करा, वेळ लागला तर लागू द्या आणि तयार फाइल गेममध्ये घाला. पात्राचा आवाज खेळता खेळता बदलणार असेल, समजा खेळाडू स्वतः स्लायडर फिरवून आपला नायक घडवणार असेल, तरच ते काम इंजिनवर सोडावं असं माझं मत आहे.

गळा तोच, पट्टी भलतीच

एवढं सगळं नीट करूनही आवाज खोटा वाटतो, ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. तिचं कारण फॉर्मंट.

आवाजाची पट्टी स्वरयंत्र ठरवतं. पण तो आवाज घशातून आणि तोंडातून बाहेर येताना काही ठरावीक कंपनं उचलली जातात आणि त्यांवरून आपला कान समोरचा माणूस केवढा आहे ते ओळखतो. हे उंचवटे म्हणजे फॉर्मंट. मोठ्या पुरुषात स्वरयंत्रापासून ओठांपर्यंतची नळी साधारण १७ सेंटिमीटर असते, बाईची १४ च्या आसपास, मुलाची त्याहून आखूड. वेग वाढवून पिच चढवला की पट्टी आणि फॉर्मंट दोन्ही सारख्याच प्रमाणात सरकतात. सात पट्ट्या चढवल्या म्हणजे १७ ची नळी एका फटक्यात ११ वर आली. एवढी आखूड नळी अगदी लहान पोराची असते, बोलण्याची ढब मात्र मोठ्या माणसाची, म्हणून कान म्हणतो हे कार्टून आहे. कार्टूनच हवं असेल तर मजाच आहे. दहा वर्षांचा मुलगा हवा असेल तर पंचाईत.

म्हणून दोन गोष्टी वेगवेगळ्या हलवता येतील असं साधन घ्या. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याच्या रीपिच या इफेक्टमध्ये फॉर्मंटचा स्लायडर वेगळा आहे. फुकटात हवं तर प्राट आहे. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या ध्वनिशास्त्रज्ञांनी भाषेच्या अभ्यासासाठी केलेलं ते सॉफ्टवेअर दिसायला रुक्ष आहे, पण त्यात ‘चेंज जेंडर’ नावाची जी आज्ञा आहे ती गेमवाल्यांच्या फार कामाची. तिच्यात फॉर्मंटचं गुणोत्तर, नवी मधली (मीडियन) पट्टी आणि पट्टीचा चढउतार अशा तीन चाव्या वेगळ्या मिळतात. गुणोत्तर १.१ केलं तरी माणूस बदलल्यासारखा वाटतो, १.५ वर उडी मारायची गरज नसते.

मुलाच्या आवाजाचा हिशेब एकदा करून बघा. पुरुष साधारण १२० हर्ट्झवर बोलतो, लहान मुलगा २६०-२७० वर. अंतर एका सप्तकाहून जास्त. एवढं ताणल्यावर कुठलंही सॉफ्टवेअर आवाजाच्या चिंध्या करतं. तेच २१० हर्ट्झवर बोलणाऱ्या ताईकडून वाक्य म्हणवून घेतलं तर चार पट्ट्यांत काम होतं. मित्राच्या जाड आवाजावर अख्खी रात्र घालवण्यापेक्षा बहिणीला अर्धा तास बसवा.

याच प्राटमध्ये आणखी एक चूक लपलेली आहे. पट्टीच्या चढउताराची जी चावी आहे ती शून्याकडे नेली की आवाज सपाट होतो. रोबोटसाठी ठीक. पण सोलापूरच्या बोलीत हेलच अर्धा अर्थ सांगतो. ‘का बे, गड्ड्याला येतोस का?’ यातला ‘बे’ खाली येतो आणि शेवटचा ‘का’ लांबत वर जातो. कानडी-तेलुगूच्या शेजारात वाढलेला हा हेल ऐकला की गाव कळतं. तो सपाट केला तर सिद्धेश्वरच्या यात्रेला बोलावणारा दोस्त बसस्टँडवरच्या घोषणेत बदलतो. तेव्हा पात्र माणूस असेल तर ही चावी १ वरच राहू द्या.

सात रस्त्याचा ‘शात रश्ता’

आवाज जाड करताना मराठीत हमखास बिघडतं ते स आणि श. स चा शिसकारा साधारण ५ ते ८ हजार हर्ट्झमध्ये असतो, श चा त्याच्या खाली, ३-४ हजारांच्या आसपास. वेग कमी करून आवाज एक सप्तक उतरवला की स बरोबर श च्या जागेवर येऊन बसतो. खलनायक ‘सात रस्त्यावर भेट’ म्हणतो आणि ऐकू येतं ‘शात रश्त्यावर’. दरारा जातो, हसू येतं.

उलट आवाज चढवला की स शिट्टीसारखा टोचतो, इअरफोनवर तर फारच. उपाय साधा आहे. स, श, च, छ यांना पट्टी नसतेच, ती नुसती हवा आहे, त्यांना हलवायचं कारण नाही. फॉर्मंट जागेवर ठेवणारी चांगली साधनं हे बऱ्यापैकी सांभाळतात. नाहीच जमलं तर तेवढे तुकडे मूळ रेकॉर्डिंगमधून कापून बदललेल्या आवाजात बसवा. किचकट आहे, पण खलनायकाची मोजकी वाक्यं असतील तर दुपारभरात होतं. ट, ठ, क यांचा ठोका बोथट झाला असेल तर त्यालाही हाच इलाज.

खोलीचाही पिच बदलतो

पिच शिफ्टरला माणूस आणि पंखा यातला फरक कळत नाही. रेकॉर्डिंगमध्ये जे जे आहे ते सगळं तो हलवतो. मोकळ्या भिंतींच्या खोलीत बोललात तर ती घुमही चढते-उतरते आणि पात्र डब्यात बसून बोलल्यासारखं वाटतं. विजेची घरघर ५० हर्ट्झची, एरवी कानाला जाणवतही नाही. सप्तक चढवलं की ती १०० वर येते आणि नीट ऐकू यायला लागते. सोलापूरच्या पूर्व भागात राहत असाल तर यंत्रमागाची खटखट भिंतीपलीकडून येतेच. आवाजाचा वेग वाढवला की मागचा मागही जोरात पळतो.

घुमेचा उपाय घरातच आहे. जाड सोलापुरी चादर, जमल्यास दोन, बोलणाऱ्याच्या पाठीमागे आणि बाजूला दोरीवर टाका. माइकच्या मागे टाकून फारसा उपयोग नाही. बोलणारा ज्या दिशेला तोंड करतो तिकडून आवाज परत फिरतो आणि पाठीमागच्या भिंतीवर आपटून माइकमध्ये शिरतो, तो तिथंच अडवायचा. चादर भिंतीला चिकटवू नका, चार बोटं अंतर ठेवा. माग आणि रस्ता मात्र चादरीनं थांबत नाहीत, त्यासाठी वेळच बदलावी लागते. उन्हाळ्यात इथं पारा चाळिशीपार असतो आणि पंखा बंद ठेवून दुपारी कुणाचा आवाज लागणार? पहाटे रेकॉर्ड करा.

नॉइज काढायचा असेल तर पिच बदलण्याच्या आधी काढा. नंतर काढायला गेलात तर आवाजाचे अवशेषच हाती लागतात. आणि मूळ फाइल वेव्हमध्ये जपून ठेवा. दोन पट्ट्या उतरवून सेव्ह केली, पटलं नाही, तीच फाइल परत तीन पट्ट्या उतरवली, असं करत गेलं की प्रत्येक फेरीत घाण साचते. दर वेळी मूळ फाइलपासून सुरू करा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या व्हॉइस नोटला तर हातच लावू नका. ती आधीच इतकी दाबलेली असते की जाड केल्यावर तिच्यातली खरखर वर येते.

हेडफोनवर भीमकाय, फोनवर गायब

खलनायक ७० हर्ट्झपर्यंत उतरवला, हेडफोनवर अंगावर काटा आला, आणि मित्राच्या फोनवर तो पुटपुटतोय असं वाटलं. फोनचा चिमुकला स्पीकर एवढं खालचं वाजवूच शकत नाही. पण कान हुशार असतो. ७० नसला तरी १४०, २१०, २८० अशी वरची कंपनं मिळाली की त्यांवरून तो खालची पट्टी ओळखतो. म्हणून बास वाढवण्याऐवजी थोडं सॅच्युरेशन (आवाज किंचित फाटवणारा इफेक्ट) द्या, त्यानं ही वरची कंपनं ठळक होतात. दुसरी युक्ती म्हणजे उतरवलेल्या आवाजाखाली मूळ आवाज हलका ठेवायचा, शब्द स्पष्ट राहतात. फक्त दोन्ही थर एकाच क्षणी सुरू होतायत ना ते झूम करून बघा. थोडे जरी मागेपुढे असले तरी पाइपातून बोलल्यासारखं होतं.

दोष इंजिनचा असतो तेव्हा

पात्र पळायला लागलं की आवाज आपोआप डगमगतो? युनिटीत ऑडिओ सोर्सची डॉप्लर लेव्हल मुळात १ असते, म्हणजे जवळ येणाऱ्या गाडीच्या हॉर्नसारखा पिच चढतो आणि लांब जाताना उतरतो. संवादाच्या सोर्सवर ती शून्य करा.

वाक्याच्या मध्येच पट्टी उडते? पावलांचे आवाज एकसुरी वाटू नयेत म्हणून पिच थोडा रँडम ठेवतात, ते बरोबरच आहे. पण पावलं आणि संवाद एकाच सोर्सवर ‘प्ले वन शॉट’नं वाजत असतील तर प्रत्येक पावलाबरोबर चालू असलेल्या वाक्याचाही पिच बदलतो. संवादाला वेगळा सोर्स द्या.

सगळीच फाइल दीड पट्टी वर किंवा खाली वाजतेय, कुणी काही केलेलं नाही? सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतलेत तो आकडा, बघा. ४४,१०० ची रॉ फाइल ४८,००० समजून वाजवली की आवाज साधारण दीड सेमीटोन चढतो, उलट केलं की तेवढाच उतरतो.

आणि स्लो मोशनमध्ये सगळं जग मंद झालं तरी खलनायक नेहमीच्याच वेगात बोलत असेल, तर बग शोधत बसू नका. युनिटीत टाइम स्केल, म्हणजे गेममधल्या वेळेचा वेग, कमी केल्यानं ऑडिओवर परिणाम होत नाही. तिथं पिच हातानंच उतरवावा लागतो. इथं मात्र वेग आणि पट्टी दोन्ही एकदम उतरलेले चालतात, तेव्हा सोर्सवरचाच साधा पिच वापरा, मिक्सरमधला पिच शिफ्टर नको.